भेगेशेजारची तारीख

साहेबांनी आमच्या भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला चुना लागला. ते बोट त्यांनी आमच्या दाराच्या पडद्याला पुसलं.

तो पडदा आईनं आदल्या दिवशी धुतला होता. तिच्याच जुन्या हिरव्या साडीचा. त्यावर पांढरं बोट उमटलं. साहेबांनी तिकडे बघितलंही नाही. बरोबरच्या कारकुनाकडे वळून म्हणाले, "काय चकाचक ठेवलंय हो! आणि म्हणे दुरुस्तीला अनुदान द्या."

कारकून हसला. आई हसली. मीसुद्धा हसले.

माझं ते हसणं मी विसरत नाही. पडद्यावरचं बोट मला दिसलं होतं. दिसूनही हसले. समोर सरकार उभं होतं. सरकार हसलं की आपणही हसायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते अंगातच होतं.

मग साहेब खुर्चीवर बसले. आईनं चहा आणला. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले, सोनेरी काठाचे कप. साहेबांचा हात कपाकडे गेला. जाता जाता त्यांनी आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

आण्णांनी सांगितलं. हात परत मांडीवर आला.

"ॲसिडिटी आहे," साहेब म्हणाले.

कारकुनालाही त्याच क्षणी ॲसिडिटी झाली.

ते गेले तेव्हा दोन्ही कपांवर साय धरली होती. आईनं चहा मोरीत ओतला. कप धुतले, पुसले, परत फडताळात ठेवले. आम्ही सगळे खूश होतो. साहेबांनी घर चकाचक म्हटलं होतं.

आमची वसाहत नाशकात, सातपूरच्या अंगाला आहे. इथे कारखाने आले तेव्हा कामगारांना राहायला जागा नव्हती, म्हणून सरकारनं बांधलेली. तीन मजली इमारती. एक खोली, एक स्वयंपाकघर, मागं मोरी. मालक सरकारचं गृहनिर्माण मंडळ. आम्ही भाडेकरू. भाडं असं, की मशीनवर उभा राहणारा माणूस ते भरून पोरांच्या वह्याही घेऊ शकेल. याला लोक उपकार म्हणतात. मी म्हणत नाही. कारखान्याला माणूस हवा होता, माणसाला छप्पर हवं होतं, आणि बाजारातलं छप्पर त्याच्या पगारात बसत नव्हतं. मधली फट सरकारनं भरली. त्यावर हे शहर मोठं झालं. मोठं झाल्यावर विसरलं.

आण्णा कळवणजवळच्या एका खेड्यातून आले. नट-बोल्टच्या कारखान्यात लागले. आई दुसऱ्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते, अजूनही. आण्णा युनियनचे. सभेची पत्रकं तेच लिहायचे, गेटवर उभं राहून तेच वाटायचे. उरलेले गठ्ठे घरी यायचे. पत्रकाची मागची बाजू कोरी असायची. माझे पाढे त्या कोऱ्या बाजूवर. पुढच्या बाजूवर 'कामगार बंधू-भगिनींनो'. बाकीची पोरं 'कमळ' आणि 'बदक' वाचत होती तेव्हा मला 'जाहीर' वाचता यायचं.

मग कारखाना बंद पडला. पत्रकं संपली. आण्णा आता एका मंगल कार्यालयावर वॉचमन आहेत. मी सीबीएस बसस्थानकाजवळ झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, तक्रारी. दिवसभर दुसऱ्यांचं 'महोदय' टाइप करते. वर 'महोदय', खाली 'आपला विश्वासू', आणि मध्ये माणूस किती लहान होतो, ते रोज बघते.

आमच्या घरांचा अर्जही मीच टाइप केला.

सरकारची एक योजना होती. जुन्या, भाड्यानं दिलेल्या सरकारी घरांना दुरुस्तीसाठी अनुदान. काही वाटा सरकारचा, काही मंडळाचा. घरं दुरुस्त होणार, भाडेकरू तिथंच राहणार, भाडं तेच राहणार. एवढं साधं. इतकी सरळ योजना माझ्या हाताखालून दुसरी गेली नाही. अट एकच. मंडळाच्या अभियंत्यानं येऊन बघायचं आणि दुरुस्तीची गरज आहे असं लिहायचं.

गरज? स्लॅबमधल्या सळया गंजून फुगल्या होत्या. जिन्याच्या भिंतीत पंजा जाईल एवढी भेग होती. मंडळाचा गवंडी शेवटचा कधी आला, ते आण्णांनाही आठवत नव्हतं. आमच्या समोरच्या खोलीत शेवंताकाकू राहतात. सटाण्याकडच्या. त्यांचे यजमान आण्णांच्याच कारखान्यात होते, ते वारले. काकू एकट्या. पापड-कुरडया करून विकतात. त्यांच्या स्वयंपाकघरात वरून सारखे सिमेंटचे कण पडायचे. काकू भाजीवर ताट झाकायच्या आणि म्हणायच्या, "वरून मसाला पडतोय गं. मंडळाचा."

साहेब सोमवारी बघायला येणार, असं पत्र आलं. आणि आम्ही काय केलं?

रविवारी चुना भिजवला.

हसू नका. आमच्याकडे माणूस घरी येणार म्हटलं की आधी चुना निघतो. बारसं असो, मुलीला बघायला येणार असोत, नाहीतर मतं मागायला कुणी येणार असो. पत्र्याच्या पिंपात चुना, त्यात नीळ, चिकटायला डिंक. सगळ्या इमारतीनं मिळून करायचं. बायकांनी पदर खोचले, पुरुषांनी शिड्या धरल्या. भेगांत पांढरं सिमेंट भरलं. जिन्यातल्या मोठ्या भेगेत आधी गोणपाटाच्या चिंध्या कोंबल्या, मग वरून सिमेंट फासलं. काकूंच्या स्वयंपाकघरात सळया उघड्या पडल्या होत्या. तिथे त्यांनी साडीचं छत बांधलं, मांडवात बांधतात तसं.

आण्णा एकटे म्हणाले, "अगं, तो भेगा बघायलाच येतोय."

"ते तुमच्या पत्रकात लिहा," आई म्हणाली. "माझ्या घरात माणूस येतोय. फुटकं घर दाखवू त्याला?"

"फुटकंच आहे."

"असू दे. आपल्याला माहितीये ना? बास."

काकू छताची गाठ मारता मारता म्हणाल्या, "भाऊ, पोरीला बघायला आले तर तिची पडलेली दाढ दाखवता का आधी?"

सगळे हसले. आण्णांनी कुंचला घेतला.

मी कुणाच्या बाजूनं होते? आईच्या. पत्रकांवर वाचायला शिकलेली मी. कारण मला लाज वाटत होती. अकरावीत असताना कॉलेज रोडच्या बंगल्यातली एक मैत्रीण घरी आली होती. दारातच थांबून म्हणाली, "तुम्ही सगळे याच खोलीत?" सहज म्हणाली. तिच्या मनात काही नसेल. पण तेव्हापासून पत्ता सांगताना माझा आवाज खाली यायचा. म्हणून त्या रविवारी सगळ्यांत जास्त भेगा मी बुजवल्या. जिन्यातल्या चिंध्या मी कोंबल्या. आणि त्यावर चुना सुकल्यावर लाल रंगानं 'सुस्वागतम्' लिहिलं, तेही मीच.

सोमवारी साहेब आले. ते मी वर सांगितलं. चहा निवायला लागतो तेवढ्यात तपासणी संपली.

दीड महिन्यानं पत्र आलं. संध्याकाळी सगळे अंगणात जमले. मी पायरीवर उभी राहून वाचलं. "सदर इमारती सुस्थितीत असून रहिवाशांनी त्यांची उत्तम निगा राखली आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खरंच वाजवल्या. आईनं काकूंकडे बघून मान डोलावली, बघ म्हणून. मी पुढचं वाक्य आधीच डोळ्यांनी वाचलं होतं. टाळ्या थांबायची वाट बघत उभी राहिले. मग वाचलं. "सबब दुरुस्ती अनुदानाची आवश्यकता दिसून येत नाही."

कुणीतरी विचारलं, "म्हणजे?"

आण्णा म्हणाले, "म्हणजे नाही."

काकूंना ते पत्र हवं होतं. म्हणाल्या, "निगा राखली म्हणे, ते तर चांगलंच लिहिलंय. आपल्याला सरकारनं कधी चांगलं म्हटलंय का? लॅमिनेशन करून आण." मला राग आला. पण दुकानात लॅमिनेशन करून आणलं. काकूंनी ते जिन्यात खिळ्याला टांगलं, माझ्या 'सुस्वागतम्'च्या खाली. येता-जाता ते दिसायचं. मी तोंड फिरवून चढायचे.

मी आणि आण्णा मंडळाच्या ऑफिसात गेलो. केबिनमध्ये दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. साहेब बसा म्हणाले नाहीत.

"साहेब, भेगा आहेत," मी म्हणाले. "आम्ही बुजवल्या होत्या."

"का?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. पण तुम्ही येणार होता म्हणून, असं कसं सांगायचं?

"म्हणजे सरकारी तपासणीत दिशाभूल केलीत," साहेब म्हणाले. मग मागे रेलून बसले. "हे बघा. तुम्ही जे भाडं देता ना, त्यात आज नाशकात गाडी लावायला जागा मिळत नाही. तुम्ही माणसं राहता. आणखी किती ओरबाडणार? फुकटाची सवय लागली तुम्हा लोकांना."

तुम्हा लोकांना.

मी आण्णांकडे बघितलं. आता हे बोलतील. मालकाच्या गाडीच्या काचेवर पत्रक चिकटवणारा माणूस. त्यासाठी महिनाभर निलंबित झालेला. आता बोलतील.

आण्णांनी हात जोडले. "चुकलं साहेब. बायकांना कळलं नाही. एकदा परत येऊन बघा."

'चुकलं' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. आणि कुणाचं चुकलं? बायकांचं.

"पुढच्या वर्षी बघू. अर्ज करून ठेवा," साहेब म्हणाले, आणि फोन उचलला.

परत येताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. रस्त्याकडेच्या भिंतींना रंग लागत होता. सिंहस्थ जवळ आला की या शहराला रंग लागतो. कमळं, कलश, घाट. भिंतीमागं काय आहे ते येणाऱ्याला दिसू नये एवढं उंच चित्र. मी बघत राहिले. शहरानंही तेच केलं होतं जे आम्ही केलं होतं. फक्त शहराला कुणी दिशाभूल म्हणत नव्हतं.

मी अर्ज केले. एक, मग दुसरा, मग तिसरा. तिन्हींवर पोच घेतली, तारखेचा शिक्का मारून. उत्तर एकाचंही आलं नाही.

आणि श्रावणात, सकाळी अकराच्या सुमाराला, काकूंचा स्लॅब पडला.

काकू खाली बसून मेथी निवडत होत्या. आधी साडीच्या छताला पोट आलं. काकूंनी वर बघितलं. नंतर म्हणाल्या, त्यांना वाटलं मांजर बसलं वर. मग साडी फाटली. उजवा हात दंडापासून मोडला. डोकं वाचलं, ते साडीनं क्षणभर वजन धरलं म्हणून. मी दुकानात होते. आईचा फोन आला. मी पोचले तेव्हा काकूंना सरकारी दवाखान्यात नेलं होतं. स्वयंपाकघरात मेथीवर सिमेंट, सिमेंटवर साडी, आणि वर उघड्या सळया. चुन्याचा थर खपलीसारखा सुटून लोंबत होता. मी लावलेला.

आठ दिवसांत दारावर नोटीस आली. अत्यंत धोकादायक इमारत. तातडीने रिकामी करावी. तेच मंडळ. तोच शिक्का. तीच सही. तीन अर्जांना उत्तर द्यायला त्यांना वर्ष पुरलं नव्हतं. नोटिशीला आठ दिवस पुरले.

नोटिशीपाठोपाठ साहेब आले. या वेळी पंचनामा करायला. कारकून होता. आणि एक नवीन माणूस होता, तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. विकासकाचा माणूस. म्हणजे बिल्डरचा. आता बिल्डर म्हणत नाहीत.

गेल्या वेळी भेगा बघायला कुणाला वेळ नव्हता. या वेळी टॉर्च आणला होता. टेप आणला होता. "दाखवा ना ताई, लाजू नका," तो माणूस मला म्हणाला. "जेवढ्या जास्त भेगा, तेवढं तुमचं काम लवकर."

आमचं काम. त्यानं गुंडाळलेलं चित्र उलगडून जिन्याच्या कठड्यावर धरलं. उंच इमारत. खाली बाग. बागेत गोरी मुलं.

"इथं तुम्हाला घर घ्यायचा पहिला मान," तो म्हणाला.

"घ्यायचा म्हणजे विकत?" आण्णांनी विचारलं.

"सवलतीत."

किंमत चित्राखालीच बारीक अक्षरांत होती. आण्णांनी वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली नाही.

मी विचारलं, "यात भाड्याच्या खोल्या किती?"

तो हसला. वाईट हसला नाही. लहान मुलानं चंद्र मागितल्यावर हसतात तसं हसला. "ताई, भाड्याचं आता कोण बांधतं? जमाना मालकीचा आहे. भाडेकरू किती दिवस राहणार तुम्ही?"

"आणि तोपर्यंत?"

त्यानं जागा सांगितली. शहराच्या बाहेर, जिथून आईच्या पहाटेच्या पाळीला बस नाही. काकूंचे पापड घेणारी गिऱ्हाइकं तिथे जाणार नाहीत. आणि ते 'तोपर्यंत' कधी संपतं, हे मी झेरॉक्सच्या दुकानात रोज टाइप करते. 'तोपर्यंत'वाल्यांचे अर्ज माझ्याकडेच येतात.

आम्हाला मालक व्हायचं नव्हतं. आम्हाला राहायचं होतं. कामाच्या जवळ, शाळेच्या जवळ, परवडेल अशा भाड्यात, जगू तोवर. आमच्यानंतर जो कामगार येईल, त्यालाही तीच खोली तशीच मिळावी. यात लहान मुलानं चंद्र मागण्यासारखं काय आहे?

हे मी मनात म्हणत होते.

तेवढ्यात तो माणूस जिन्यातल्या मोठ्या भेगेशी गेला. 'सुस्वागतम्'चा 'स्वा' त्या भेगेवरच होता. त्यानं खिशातली किल्ली काढून सिमेंट उकरलं. आत दोन बोटं घातली आणि चिंध्या ओढून काढल्या. गोणपाटाच्या, माझ्या हातांनी कोंबलेल्या. एकामागून एक.

"हे काय? बँडेज?" तो म्हणाला, आणि त्या त्यानं खाली टाकल्या. माझ्या पायाशी पडल्या.

साहेब हसले. कारकून हसला.

मला हसू आलं नाही.

मी एक चिंधी उचलली. भेगेकडे बघितलं. आतली सळई दिसत होती, लाल, पापुद्रे सुटलेली. तेवढ्या वेळात मला जे कळलं, ते पत्रकं वाचून वाचून कळलं नव्हतं. ही भेग माझी नाही. माझ्या आईची नाही. आम्ही ती केली नाही. आम्ही भाडं भरलं, दुरुस्ती मागितली. भेग त्यांची आहे. आणि एवढी वर्षं त्यांची लाज आम्ही आमच्या चुन्यानं झाकत होतो.

कारकुनानं पंचनामा लिहिला. पंच म्हणून दोन सह्या हव्या होत्या, आण्णांची आणि काकूंची. काकू दवाखान्यातून परत आल्या होत्या, उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताचा अंगठा. कागद आण्णांकडे आला. त्यांनी सवयीनं माझ्याकडे दिला. "वाच."

मी मोठ्यानं वाचलं. इमारत वयोमानामुळे जीर्ण झाली असून दुरुस्तीपलीकडे गेली आहे. रहिवाशांस सदर बाब मान्य आहे.

"ही ओळ चुकीची आहे," मी म्हणाले.

"कोणती?" कारकून म्हणाला.

"वयोमानामुळे. ही वयानं नाही पडली. दुरुस्ती मागितली, ती दिली नाही, म्हणून पडली. ते लिहा."

साहेब म्हणाले, "पंचनाम्यात जे डोळ्यांना दिसतं तेच लिहितात, ताई. मतं नाही."

"मग गेल्या वेळी डोळ्यांना काय दिसलं होतं?"

मी खिळ्यावरून काकूंचं पत्र काढलं. लॅमिनेशन केलेलं. वर्षभर मी ज्याच्याकडे बघायचं टाळलं ते. साहेबांच्या समोर धरलं. "सुस्थितीत. उत्तम निगा राखली. सही तुमची. वर्षात इमारत म्हातारी झाली का साहेब?"

जिन्यात वरपर्यंत लोक उभे होते. कुणी हसलं नाही. टाळीही वाजली नाही. ते बरं झालं.

साहेबांचा आवाज बदलला. "सरकारी कामात अडथळा आणताय तुम्ही. कळतंय का? नाव काय तुझं?"

"नाव सांगते. आडनावही सांगते. लिहून घ्या. सही होणार नाही."

"तुझी सही कुणी मागितली? वडलांची हवीये." त्यांनी पेन आण्णांपुढे धरलं.

आण्णांनी पेन घेतलं. टोपण पेनाच्या मागच्या टोकाला खोचलेलं होतं. ते काढून त्यांनी पुढच्या टोकाला लावलं. घट्ट दाबून. आणि पेन साहेबांच्या खिशाला अडकवलं.

"मागच्या वेळी मी चुकलं म्हणालो होतो," आण्णा म्हणाले. "ते परत घेतो."

कारकून शाईचं पॅड घेऊन काकूंकडे वळला. काकूंनी डावा हात पदराखाली घेतला. बाहेरच्यांशी त्या नीट शहरातलं बोलतात. त्या दिवशी अहिराणीत बोलल्या. "आंगठा देवाव नही मी," म्हणाल्या. "जाय."

विकासकाच्या माणसानं पेढ्यांचा पुडा पायरीवर ठेवला होता. आईनं तो उचलून त्याच्या हातात दिला. आईनं त्या दिवशी चहा ठेवला नव्हता. सोनेरी कप फडताळातच होते. पडद्यावर ते पांढरं बोट अजून आहे. धुतलं तरी जात नाही. आता ती धुवायचा प्रयत्नही करत नाही.

जाताना साहेब म्हणाले, "तुमच्या सहीवाचून अडत नाही आमचं. पंचांनी नकार दिला, असं लिहू."

"लिहा," मी म्हणाले. "कशाला नकार दिला तेही लिहा."

ते त्यांनी लिहिलं नसणार. मला खोटी आशा नाही. नोटीस अजून आमच्या दारावर आहे. सुनावणीची तारीख पडते आणि पुढे जाते. दोन बिऱ्हाडं पेढे घेऊन, सही करून निघून गेली. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्या घरात लहान मुलं आहेत. काकूंचा हात आता खांद्याच्या वर जात नाही, कुरडयांचा सोऱ्या आई फिरवून देते. धोका आम्हाला कुणी सांगायची गरज नाही. तसल्याच स्लॅबखाली आम्ही झोपतो. काकूंच्या स्वयंपाकघरात आणि जिन्यात लोखंडी टेकू लावलेत, आमचे आम्ही. ते टेकू आम्ही झाकलेले नाहीत.

पंचनाम्यानंतरच्या रविवारी सगळी इमारत परत जमली. या वेळी चुना भिजवला नाही. तारेचे ब्रश आणि खरवडण्या आणल्या. पहिला हात आईनं मारला, आमच्याच दाराशेजारी. चुन्याचे पापुद्रे पडायला लागले. एक थर, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. किती बारशांचा, किती लग्नांचा, किती साहेबांचा. दुपारपर्यंत सगळ्या भेगा उघड्या झाल्या. 'सुस्वागतम्' मी स्वतः खरवडलं.

मग आण्णांनी लाल रंगाचा डबा उघडला. युनियनचे फलक रंगवायचे तो हात. प्रत्येक भेगेशेजारी त्यांनी तारखा लिहिल्या. पहिला अर्ज केला ती तारीख. तपासणी झाली ती. 'सुस्थितीत' लिहिलं ती. मग तीन पोचींच्या तारखा. काकूंच्या स्वयंपाकघरात स्लॅब पडला ती. अक्षर अजून तसंच आहे, गेटवरून वाचता येईल असं. काकू खालून म्हणाल्या, "भाऊ, माझ्या हाताची तारीख जरा मोठी काढा."

जिन्याच्या तोंडाशी आम्ही मागणी लिहिली आहे. ती मी टाइप केली नाही. तिच्यावर 'महोदय' नाही, खाली 'आपला विश्वासू' नाही. दुरुस्ती होत असेल तर करा, योजना तुमचीच आहे. होत नसेल तर पाडा, पण याच जागेवर, इतक्याच खोल्या, भाड्याच्याच बांधा. मालकी सरकारची. भाडं मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पगारात बसणारं. एक खोली विकली जाणार असेल तरी आम्ही हलणार नाही.

मध्यंतरी काकूंच्या भाचीला बघायला पाहुणे आले, काकूंच्याच घरी. आदल्या दिवशी आईचा हात सवयीनं पिंपाकडे गेला. मी बघितलं. तिनंही बघितलं की मी बघितलं. तिनं हात मागे घेतला. पाहुणे आले, टेकूशेजारी बसले, उघड्या सळईखाली चहा प्याले. मुलाच्या बापानं भिंतीवरची तारीख वाचली आणि विचारलं, हे काय आहे? काकूंनी सगळं सांगितलं, पहिल्या अर्जापासून. आवाज खाली न आणता.

साहेब परत येणार आहेत. ते, नाहीतर त्यांच्या जागी दुसरे कुणी. येऊ देत. भिंतीवरून बोट फिरवतील, तर या वेळी बोटाला चुना लागणार नाही. गंज लागेल. तो त्यांनी आमच्या पडद्याला पुसायचा नाही. मी पडद्याच्या पुढे उभी असेन. त्यांना भेगेशेजारची प्रत्येक तारीख मोठ्यानं वाचायला लावीन, तळमजल्यापासून वरपर्यंत. शेवटची तारीख वाचून झाल्याशिवाय जिना उतरू देणार नाही.